काकांनी हात पुढे केला, आणि मी तो धरला

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): पत्र लिहिणाऱ्या ताई 46 वर्षांच्या. डोंबिवलीत राहतात, फोर्टमधल्या एका ऑफिसात हिशेब खात्यात आहेत. मुलाला बुद्धिबळाच्या क्लासला सोडायला-आणायला जाता जाता स्वतःच खेळायला लागल्या. मुलाने दहावीत खेळ सोडला, त्यांनी सोडला नाही. रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, 1450. दिवाळीच्या सुट्टीत दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये 1800 च्या आतल्यांची नऊ फेऱ्यांची स्पर्धा झाली. शेवटच्या फेरीत 1650 रेटिंगचे, पासष्टीच्या घरातले एक काका समोर आले. 38 व्या चालीला दोघांकडे एकेक हत्ती, राजाच्या बाजूला तीनास तीन प्यादी, आणि ताईंकडे 'ए' स्तंभातलं एक प्यादं जास्तीचं, मोकळं, म्हणजे वाटेत समोरचं प्यादं नसलेलं. त्यांच्या घड्याळात 22 मिनिटं, काकांच्या 9. काकांनी चाल केली, "बरोबरी करू या का?" म्हणाले आणि हात पुढे केला. ताईंनी तो धरला. त्यांचे 5 गुण झाले, बायकांमधलं पहिलं बक्षीस साडेपाच गुणवालीला गेलं. रात्री मुलाने डाव कॉम्प्युटरवर घातला, तर इंजिनाच्या, म्हणजे डाव तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मते ताई सरळ जिंकत होत्या. यजमान म्हणतात, "200 ने वरचा माणूस बरोबरी देतोय, आणखी काय हवं?" क्लबातली मैत्रीण म्हणते, "बरोबरी घेणारे कधी पुढे जात नाहीत." जानेवारीत पुढची स्पर्धा आहे. ताईंचा प्रश्न: समोरून बरोबरी आली की घ्यायची की नाही, हे ठरवायचं कसं?

*

ताई,

तुमच्या पत्रात चालींविषयी बरंच आहे, घड्याळाविषयी आहे, इंजिनाने दाखवलेल्या 2.8 या आकड्याविषयी (म्हणजे जवळपास तीन प्याद्यांइतकी तुमची सरशी) तर तीनदा आहे. माझी नजर मात्र अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यावर अडली: "हात तसाच पटावर राहिला असता, ते बरं दिसलं नसतं."

म्हणजे त्या क्षणी तुम्ही पटाकडे बघतच नव्हतात. काकांच्या हाताकडे बघत होतात.

तुमचे यजमान म्हणतात शहाणपण केलंत, मैत्रीण म्हणते कच खाल्लीत. दोघांनीही गृहीत धरलंय की तुम्ही काहीतरी ठरवलंत. मला तसं वाटत नाही. वडीलधाऱ्या माणसाने हात पुढे केला आणि आपण तो धरला, इतकंच झालं. आपल्याकडे मुलीला लहानपणापासून हेच शिकवतात आणि त्यात वाईटही काही नाही. पण भीड भिकेची बहीण म्हणतात ना, ते पटावर फार खरं आहे. हौशी स्पर्धांमध्ये मी जितक्या बरोबऱ्या पाहिल्या आहेत, त्यातल्या बऱ्याचशा भिडेने झालेल्या. 'नाही' हा शब्द तोंडातून निघत नाही म्हणून झालेल्या.

तर आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती ठाऊक नसल्यामुळेच भीड वाढते. बरोबरीच्या प्रस्तावाला लगेच उत्तर द्यायचं नसतं. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमाप्रमाणे खेळाडूने आधी पटावर चाल करायची, मग बरोबरी विचारायची, मग घड्याळ दाबायचं. विचारल्यावर तो प्रस्ताव त्यांना मागे घेता येत नाही. तुम्ही स्वीकारेपर्यंत, तोंडाने नाकारेपर्यंत, किंवा खेळायच्या इराद्याने सोंगटीला हात लावेपर्यंत तो तसाच उभा राहतो. म्हणजे तुमच्याकडे 22 मिनिटं होती ना, त्यातली दहा तुम्ही खुशाल विचारात घालवू शकत होतात. काकांचा अपमान नव्हता, नियमभंग नव्हता. आणि 'नाही' म्हणायचीसुद्धा गरज नाही. पुढची चाल खेळलात की झालं उत्तर. मात्र सोंगटीला हात लावला की प्रस्ताव संपला. मग "बरं, चालेल" म्हणून उपयोग नाही.

अजून एक बारकी गोष्ट. प्रस्ताव आला की स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहायच्या कागदावर, त्या चालीपुढे कंसात बरोबरचं चिन्ह लिहायचं असतं. दोघांनीही. मला हा नियम फार आवडतो. पेन उचलून ते चिन्ह काढायला चार सेकंद लागतात, पण तेवढ्यात समोरच्या हातावरची नजर कागदावर येते, कागदावरून पटावर जाते. काकांचा हात तेवढा वेळ राहिला असता. फार तर त्यांनी मागे घेतला असता, इतकंच.

आता यजमानांचा मुद्दा. 200 रेटिंगच्या फरकाला फिडेच्या तक्त्यात एका डावातून वरच्याची अपेक्षा 0.76 गुणांची आणि खालच्याची 0.24 ची धरलेली असते. रेटिंगचे 30 डाव झालेल्या, 2400 च्या आतल्या प्रौढ खेळाडूला साधारण 20 चा गुणक लागतो, म्हणजे मिळालेला गुण आणि ही अपेक्षा यांतल्या फरकाला 20 ने गुणायचं. म्हणजे काकांशी बरोबरी झाल्यावर तुमचं रेटिंग पाचेक गुणांनी वाढलं. जिंकला असतात तर पंधराने वाढलं असतं, हरला असतात तर पाचने घटलं असतं. हे आकडे शेजारी शेजारी मांडून बघा. बरोबरीपासून विजय दहा गुण वर आणि बरोबरीपासून पराभव दहा गुण खाली. अंतर सारखंच. समोर 1650 असो की 1250, हे अंतर बदलत नाही. वरच्या खेळाडूशी अर्धा गुण 'मिळतोय' ही भावना डाव सुरू व्हायच्या आधीची आहे. 38 चालींनंतर तुमच्याकडे एक प्यादं जास्त होतं आणि त्यांच्यापेक्षा दुप्पट वेळ होता. तोवर तो 200 चा फरक पटावर कुठेच उरलेला नव्हता. उरला होता फक्त तुमच्या डोक्यात.

आणि एक प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलाच नाहीत: 1650 चा माणूस 1450 वालीला बरोबरी का विचारतोय? त्यांना काय दिसलं होतं? त्यांना तुमचं प्यादं दिसलं होतं, आणि आपली 9 मिनिटं. काकांनी गैर काहीच केलं नाही. अडचणीत असताना बरोबरी विचारणं हा त्यांचा हक्क आहे, आणि त्यांनी तो नीट, चाल करून बजावला. तुमच्या पत्रात त्यांच्यावर किंचित राग दिसतो, तो सोडून द्या. पण वरच्या माणसाने मागितलेली बरोबरी ही भेट नसते, बातमी असते. ती वाचायला शिका.

क्लबातल्या मैत्रिणीचं म्हणणंही मला मान्य नाही. 2025 च्या जुलैत, जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत आपली नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांचे दोन्ही क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे, डाव बरोबरीत सुटले. मग जलद डावांत दिव्या जिंकली. त्या दोन बरोबऱ्यांनी ती मागे पडली का? 1984 मध्ये सुरू झालेल्या कार्पोव्ह-कास्पारोव्ह यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत 48 डावांपैकी 40 बरोबरीत गेले. बरोबरी हा खेळाचाच एक निकाल आहे, पळवाट नाही. ती बघून घेतली की न बघता, एवढाच माझा आक्षेप.

न बघता घेता येते तशी न बघता नाकारताही येते. माझीच गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी परळला एका हॉलमध्ये माझ्यासमोर दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता. दोघांकडे एकेक उंट, माझा पांढऱ्या घरांचा, त्याचा काळ्या घरांचा, प्यादी सारखी. अशी स्थिती नव्वद टक्के बरोबरीचीच. त्याने अगदी व्यवस्थित चाल केली, बरोबरी विचारली, घड्याळ दाबलं. दाराच्या काचेपलीकडे त्याचे वडील उभे होते, त्यांच्यामागे माझ्या ओळखीचे दोघं. मी मान हलवून नाही म्हटलं आणि प्यादं पुढे ढकललं. ते प्यादं चार चालींनी पडलं. पुढच्या तासाभरात मी हरलो. घरी येताना मला एकच गोष्ट आठवत होती, की नाही म्हणण्याआधी मी पटाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. त्या मुलाकडे पाहिलं होतं, आणि काचेकडे. तुम्ही भिडेने हो म्हणालात, मी ताठ्याने नाही म्हणालो. दोघांचीही नजर भलतीकडेच होती.

मग पटावर बघायचं म्हणजे काय बघायचं?

तुमचीच स्थिती घेऊ, कारण ती योगायोगाने फार प्रसिद्ध स्थितीसारखी आहे. 1927 साली ब्युनोस आयर्सला तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका आणि आलेखिन यांच्यात जगज्जेतेपदाची लढत झाली. 34 डाव चालली, त्यातले 25 बरोबरीत. शेवटच्या, 34 व्या डावात आलेखिनकडे पांढरी मोहरी होती. एकेक हत्ती, राजाच्या बाजूला तीनास तीन प्यादी, आणि पांढऱ्याकडे 'ए'चं जास्तीचं प्यादं. हुबेहूब तुमचा सांगाडा. आलेखिनने हत्ती आपल्या प्याद्याच्या मागे नेऊन ठेवला. हत्ती मागे असला की प्यादं जसजसं पुढे सरकेल तसतसं त्याला मोकळं रान मिळतं, आणि समोरचा हत्ती प्याद्यापुढे अडकून पडतो. मग राजा निवांत चालत जातो. तो डाव 82 चालींचा झाला आणि जगज्जेतेपद आलेखिनकडे गेलं. तुमची स्कोअरशीट मी पटावर लावून पाहिली. तुमचाही हत्ती प्याद्याच्या मागेच होता. तो समोर अडकला असता तर मी म्हटलं असतं, घ्या बरोबरी, बिनघोर घ्या. हेच जास्तीचं प्यादं राजाच्या बाजूला असतं आणि सगळी प्यादी एकाच बाजूला चार विरुद्ध तीन अशी असती, तरी म्हटलं असतं की नीट बचाव झाला तर यातून सहसा काही निघत नाही.

एवढा फरक पटावर ओळखता येण्यासाठी ग्रँडमास्टर व्हावं लागत नाही. हत्तींच्या शेवटातल्या दोनच स्थिती पक्क्या करा. एक फिलिडोरची: बचाव करणाऱ्याचा राजा प्याद्याच्या वाटेत, आणि हत्ती त्याच्या बाजूने मोजलेल्या तिसऱ्या रांगेत पहारा देत बसलेला. प्यादं त्या रांगेत आलं की हत्ती मागे लांब जाऊन शह देत राहतो. ही बरोबरी. दुसरी लुसेनाची: प्यादं सातव्या रांगेत, त्याच्यापुढे आपलाच राजा, समोरचा राजा एक स्तंभ लांब तोडलेला. हत्ती चौथ्या रांगेत आणायचा, म्हणजे राजा बाहेर पडल्यावर शह अडवायला आडोसा तयार. हा विजय. हौशी खेळाडूला भीती वाटते ती बहुतेक वेळा अज्ञाताची. डाव शेवटी कुठल्या दाराशी जाऊन थांबणार हे माहीत असलं की वाटेत पाय लटपटत नाहीत.

मुलाने दाखवलेला 2.8 मात्र आता विसरा. इंजिनाला भूक लागत नाही. तुम्ही सकाळी सगळ्यांचे डबे करून, लोकलमध्ये उभ्याने दादर गाठून, पाच दिवसांतला नववा डाव खेळत होतात. इंजिन सांगतं ते इंजिनासाठी खरं. तुमच्यासाठी मोजायचं माप वेगळं आहे आणि ते मी नेहमी वापरतो. स्वतःला विचारा: इथून पुढे, आत्ताच्या माझ्या डोक्याने, हाच डाव याच माणसाशी दहा वेळा खेळले तर किती जिंकेन, किती हरेन? चार जिंकेन, पाच बरोबरीत जातील, एक हरेन असं वाटलं तर दहातले साडेसहा गुण होतात. बरोबरी घेऊन पाचच. मग खेळायचं. तीन जिंकेन, तीन हरेन वाटलं, तर घ्यायची. आणि डोळ्यांपुढे अंधारी येतेय, चाली दिसत नाहीत, सहा हरेन असं वाटलं तर प्यादं जास्त असूनही घ्यायची, आणि त्याची लाज बाळगायची नाही. दमणं हे खरं कारण आहे. फक्त ते कारण आपल्याला आपलं माहीत हवं: आज अंगात त्राण नव्हतं म्हणून घेतली. तुमच्या पत्रातली रुखरुख मला वाटतं यासाठीच आहे, की तुम्हाला तुमचं कारण सांगता येत नाहीये.

बक्षिसांचा हिशेब फक्त शेवटच्या एक-दोन फेऱ्यांत करायचा, पण तो डाव सुरू व्हायच्या आधी करायचा. तुम्हाला साडेपाच गुणांचं गणित संध्याकाळी बक्षीस समारंभात कळलं. ते सकाळी भिंतीवर लावलेल्या यादीत होतं. अर्ध्या गुणाने माझं काय होतं, एकाने काय होतं, हरले तर काय जातं, आणि गुण सारखे झाले तर बक्षीस विभागून देणार की बुकहोल्झ टाय-ब्रेक (समोर आलेल्या खेळाडूंच्या गुणांची बेरीज) लावणार, हे पंचांना विचारून घ्या. पटावर बसल्यावर हा विचार करायला लागलात की तो चालींचा वेळ खातो.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण या सदराकडे ती वारंवार येते म्हणून लिहितो. शेवटच्या फेरीआधी जिन्यात गाठून कुणी म्हणालं, "पटकन बरोबरी करून टाकू, दोघांचंही बक्षीस पक्कं", तर साफ नाही म्हणा. पटावर खेळून, बघून झालेली बरोबरी वेगळी आणि जिन्यात ठरलेली वेगळी. दुसरी लबाडी आहे. त्या अर्ध्या गुणाची वाट बघत तिसरं कुणीतरी शेजारच्या बोर्डवर चार तास घाम गाळत असतं.

जानेवारीपर्यंत एक काम करा. मुलाने खेळ सोडलाय म्हणता, पण आईचा डाव त्याने रात्री बसून इंजिनावर घातला, म्हणजे पुरता सोडलेला दिसत नाही. 38 व्या चालीची ती स्थिती पटावर मांडा आणि त्याच्याशी दहा वेळा खेळा. पाच वेळा तुमच्या बाजूने, पाच वेळा काकांच्या. घड्याळ लावून, तुमच्या बाजूला 22, काकांच्या बाजूला 9, चालीला 30 सेकंदांची भर. निकाल वहीत लिहा. हेच ते दहा डाव, या वेळी खरेखुरे. काकांच्या बाजूने खेळताना तुम्हाला कळेल की तिथे बसून किती वाईट वाटतं, आणि हात पुढे करावासा का वाटतो.

आता तुमच्या मनातली खरी धास्ती. काका त्याही स्पर्धेला येणार, पेअरिंग पुन्हा पडू शकतं, आणि ते पुन्हा विचारतील. विचारू देत. त्यांच्या वयाचा मान ठेवायचा तर डाव सुरू होताना वाकून नमस्कार करा, संपल्यावर चहा पाजा. चार तास समोर बसून मनापासून खेळणं हाही त्यांचा मानच आहे. 1976 मध्ये मुंबईची रोहिणी खाडिलकर तेरा वर्षांची असताना पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली, तेव्हा समोरचे सगळे तिच्यापेक्षा मोठेच होते. तिने काय प्रत्येकाचं मन राखत खेळायचं होतं?

काकांनी हात पुढे केलाच तर "बघते, काका" एवढं म्हणा. पेन उचला, कंसात चिन्ह लिहा, पाण्याचा एक घोट घ्या आणि पटावर बघा. हत्ती कुठे आहे, राजा किती लांब आहे, घड्याळ काय म्हणतंय. मग हात द्या नाहीतर चाल खेळा, दोन्हीला माझी हरकत नाही.

डाव झाला की स्कोअरशीटचा फोटो मला पाठवा. निकाल काहीही असो. ते चिन्ह लिहिलंय का, आणि त्याच्या पुढच्या चालीला तुम्ही किती मिनिटं घेतलीत, एवढंच मला बघायचंय.